वाशीच्या अलीकडं मोटारीला ताक पाजलं

आमच्या कोकणातल्या गावात अजून कुणी भेटलं की विचारतं, "मोगलाईत होतास म्हणे? काय काय बघितलंस?" लोकांना वाटतं, मी हत्ती बघितले असतील, निजामाचे महाल बघितले असतील. मी बघितलं ते मोटारीच्या रेडिएटरचं तोंड. सोलापुराहून भूमला पोचायला मला तीन दिवस लागले आणि त्यातला निम्मा वेळ माझं डोकं बॉनेटखाली होतं. तरी जे कानांनी ऐकलं आणि हातांना भाजलं ते लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी मूळचा आगबोटीवरचा आगवाला. भट्टीत कोळसा टाकायचा, पाणी उकळतं ठेवायचं, एवढंच काम. पण समुद्र लागायचा. नऊ वर्षं लागला. शेवटी बोट सोडली, सोलापुरात गिरणीत मामा होता त्याच्याकडं आलो, एका लॉरीवाल्याच्या पाया पडून गाडी चालवायला शिकलो. लढाईचे दिवस, चांगले ड्रायव्हर सगळे पलटणीत गेलेले, म्हणून माझ्यासारख्याला विचारणारे निघाले.

भूमच्या करीमसेठनी, म्हणजे करडई-शेंगांचे मोठे व्यापारी, एका परत जाणाऱ्या साहेबाकडून जुनी मोटार घेतली होती. ती सोलापुरात त्यांच्या धाकट्या भावाच्या वाड्यात उभी होती. सेठच्या आई, अम्माजान, त्याच घरी डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी राहिल्या होत्या. मोतीबिंदू काढलेला. गाडी सांभाळायला मला ठेवलं. "इंजिनातलं कळतं का?" असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नऊ वर्षांचा अनुभव." कुठल्या इंजिनाचा, ते कुणी विचारलं नाही, आणि मी काही आपणहून सांगितलं नाही.

तीन महिने त्या घरानं मला घरच्यासारखं जेवायला घातलं. मग भूमहून सेठचा निरोप आला. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजीनंतर मुलीचा निकाह आहे. अम्माजानना नमाजीच्या आत घरी पोचवायचं. डॉक्टरांनी बैलगाडीचे हिसके मना केलेत, तेव्हा मोटारीतूनच. पोचवलंस तर गाडी कायमची तुझ्या हातात, नाही तर तिथूनच परतीची वाट धर.

कायम हा शब्द मी आयुष्यात स्वतःबद्दल ऐकला नव्हता. बायकोच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ ठरलेली असायची, "कायम झालात का ते कळवणे."

बुधवार: नाका आणि घाट

मागच्या बाजूला पडदा लावून अम्माजान बसल्या. अंगावर बुरखा, डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेली हिरवी पट्टी. पुढं माझ्याशेजारी सोपानकाका, सेठच्या शेतातले वाटेकरी, सोबत म्हणून पाठवलेले. ते मोटारीत पहिल्यांदाच बसत होते. पाय वर घेऊन, मांडी घालून, हातात काठी. चढ आला की पुढं वाकून म्हणायचे, "हां, चल राजा, चल!"

मोगलाईच्या नाक्यावर पोचलो तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती. नाक्यावरचा कारकून मोठा अदबीचा माणूस. त्यानं सामान बघितलं, मग वाफेकडं बघितलं आणि म्हणाला, "मियाँ, मोटर लाए हो कि हमाम?" पण स्वतःच्या माठातलं पाणी त्यानंच दिलं. मी त्याला इतक्यांदा सलाम केला की तो कंटाळून आत गेला.

खरं सांगायचं तर ती पहिली वाफ बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "धरली वाफ!" नऊ वर्षांची सवय. मग आठवलं की ही बोट नव्हे.

तुळजापूरच्या घाटात पाणी पुन्हा उकळलं. मी उतरलो, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. थोडा सैल होता. ताणून घट्ट केला आणि सांगितलं, "पट्टा होता. आता काळजी नाही." दोन वळणं वर जातो तो पुन्हा खळखळ. मग रबरी नळी बघितली. बांधणीपाशी थेंब दिसत होता. तार आवळली. "नळी होती," मी सांगितलं. माथ्याजवळ तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा रेडिएटरच्या जाळीत गवताची कुसळं आणि टोळ अडकलेले सापडले. "हवाच लागत नव्हती त्याला," मी म्हणालो.

सोपानकाका दगडावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "डायव्हर, ह्यो तिसरा रोग. आमच्या गावच्या वैद्याचं बी असंच हाय. मानूस मरस्तवर त्येला रोग सापडत जात्यात."

पडद्यामागून अम्माजान म्हणाल्या, "बेटा, पानी उबल गया ना? अब पत्ती डाल, चाय तो पी लेंगे."

धाराशिव

सरकारी कागदात उस्मानाबाद, लोकांच्या तोंडात धाराशिव. संध्याकाळी अम्माजानच्या भाचीच्या घरी उतरलो. भाकरी एवढी मोठी की ताटाबाहेर लोंबत होती. सोबत अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा. भाताला आसुसलेला मी, धीर करून विचारलं, "थोडा भात मिळेल का?" सगळं घर चपापलं. भाचीबाईंनी आतून विचारलं, "पेट खराब है क्या उनका?" त्या मुलखात भात आजाऱ्याला देतात, हे मला तेव्हा कळलं. माझ्यासाठी खास मऊ भात शिजवला गेला, वर सुंठीचा काढा आला, आणि मी दोन्ही मुकाट्यानं संपवले. एवढ्या आपुलकीपुढं मी ठणठणीत आहे हे कसं सांगायचं?

गुरुवारी पहाटे मोटारींच्या अड्ड्यावर गाडी दाखवायला नेली. तिथं सल्ल्याला तोटा नव्हता. एक म्हणाला, पेट्रोलात रॉकेल आहे. दुसरा म्हणाला, दृष्ट लागलीय, पुढं लिंबू बांधा. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण खोललं आणि आतली एक झडप काढून माझ्या हातात दिली. "थंड मुलखातल्या गाडीला ही लागते. पाणी तापेपर्यंत अडवून धरते. इथं पाणी तापवायला सूर्य आहे." पैशाचं काही न विचारता त्यानं हे केलं. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर म्हणाला, "आधी भूमला पोच."

थंडाव्यात येडशीचा घाट गाडीनं न कुरकुरता काढला. मला इतका हुरूप आला की शीळ घालायला लागलो. येरमाळा मागं टाकलं, ऊन डोक्यावर आलं, आणि सरळ सपाट रस्त्यावर, ना चढ ना ओझं, गाडीनं पुन्हा धूर ओकावा तशी वाफ ओकली.

सपाटीवर उकळली, आता नाव कशाला ठेवायचं? घाटात उकळली तर घाटाला नाव ठेवता येतं.

वाशीच्या अलीकडं

डब्यातलं पाणी संपलं होतं. रस्त्याकडेला दहा-बारा घरांची वस्ती दिसली. पहिल्याच घरापुढं एक बाई डेऱ्यात रवी फिरवत होती. तिचं नाव कौसाबाई. मी डबा पुढं केला. "वहिनी, मोटारीला थोडं पाणी मिळेल का?"

आमच्या कोकणात पाण्याला कुणी नाही म्हणत नाही, दारात विहीर असते. कौसाबाईनं रवी थांबवली. "पानी मागू नका दादा. आड आटलाय. घराला दोन घागरीची पाळी हाय, त्यात मानसं पितील का मोटार पील?" माझा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. "ताक न्या. लागल तेवढं न्या."

सोपानकाकांनी मला समजावलं. त्या भागात ताक विकत नाहीत आणि मागितलं तर नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं की म्हैस आटते. कौसाबाईनं पाणी वाचवून घुसळलेलं घट्ट ताक तांब्या तांब्यानं आम्हाला पाजलं. मी तीन तांबे प्यालो. डबा मात्र रिकामाच होता.

सोपानकाका मोटारीकडं बघत म्हणाले, "उन्हानं बैल कढला की आमी ताक पाजतो. दोन घटकांत उभा ऱ्हातो."

"काका, हा बैल नव्हे."

"मग काय हाय? घाम तर तसाच येतोय."

मी विचार केला. घशाखाली ताक उतरतं, तसं रेडिएटरमध्येही उतरेल. ओलं ते ओलं. शुक्रवारची नमाज समोर दिसत होती. गाडी जरा निवल्यावर चार तांबे ताक ओतलं, हँडल मारलं, निघालो.

पाव मैल गेलो असू. मागून अम्माजानचा आवाज आला, "सोपान, कढी कौन पका रहा रे?"

"कुनी न्हाय, अम्मा."

"बू तो आरी. और फट गई है. बेसन नै डाले क्या?"

मी गाडी थांबवून झाकणावर फडकं टाकलं आणि अर्धं फिरवलं. उरलेलं अर्धं झाकण स्वतःच फिरलं. गरम नासलेल्या ताकाचा फवारा माझ्या टोपीवर, मिशीवर, सदऱ्यावर बसला. काचेवर चोथा ओघळला. सोपानकाका उतरले, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "बैल असं करत न्हाय."

मी रडकुंडीला आलो होतो. खालची तोटी उघडून घाण सोडायला लागलो. आंबूस पाण्याबरोबर चोथा आला, आणि चोथ्यात पांढऱ्या टणक कपच्या. अंड्याच्या टरफलासारख्या. सोपानकाकांनी एक उचलून दाताखाली धरली. "चुना."

"मेरेकू दे," अम्माजान म्हणाल्या. पडद्याबाहेर हात आला. त्यांनी कपची चिमटीत चुरडली, नाकाशी नेली. "ये तो मेरे बंब की पपडी है. खाऱ्या पान्यानं बंबाला आतून धरती. मग लाकडं जाळा किती बी, पानी तापत न्हाय, बंब तापतो." मग म्हणाल्या, "मुझे उतार."

सोपानकाकांच्या काठीचं टोक धरून त्या उतरल्या. डोळ्यांवर पट्टी, भर उन्हात रस्त्याच्या मधोमध. "हात रख वरती. कैसा है?"

मी रेडिएटरच्या माथ्यावर हात ठेवला आणि ओरडून काढला. "भाजतंय!"

"अब नीचे."

खाली हात ठेवला. "खाली थंड आहे, अम्माजान." आणि मला वाटलं, म्हणजे निम्मी गाडी तरी बरी आहे.

"अरे दीवाने, इंजिन चालू था ना? ऊपर उबाल और नीचे ठंडा, याने पानी उतरताच नै. बीचमें गला बंद है. पट्टा कसून काय होनार, नळी बांधून काय होनार?"

दोन दिवस मी पट्टा दाबत होतो, नळ्या चाचपत होतो, टोळ वेचत होतो. एकदा वर आणि एकदा खाली हात लावायचं मला सुचलं नाही. ज्यांना दिसत नव्हतं त्यांना ते दिसलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"खट्टा. पीतल का बंब मैं खट्टे से धोती. मगर ताक नै डालना, ताक फटता. ताक के ऊपर का पानी."

शिळं ताक ठेवलं की वर पिवळट पाणी सुटतं, त्याला निवळ म्हणतात. गाडी आम्ही दोघांनी ढकलत परत कौसाबाईच्या दारात नेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि वस्तीभर हाक दिली, "आगं, आंबट निवळ हाय का कुनाकडं? मोटारीचा बंब घासायचाय!" दोन दिवसांची, चार दिवसांची, नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी आणणारी निवळ गाडग्यांतून येऊ लागली. बायका बघायला आल्या आणि शिकवायला थांबल्या. फडक्यानं गाळून ओतायची, इंजिन सुरू करून कोमट करायची, मुरू द्यायची, सोडायची, पुन्हा ओतायची. दुपारभर हेच. आधी वरून ओतलेलं खाली ठिबकायचं, मग धार लागली, मग धारेबरोबर चुन्याचा चिखल आला.

मी तोटीपाशी उकिडवा बसलो होतो. वर माचावर अम्माजान. त्या सहज म्हणाल्या, "इतनी पपडी को तो बरसां लगते. गाडी तो तीन म्हैने से खडी थी."

सोपानकाकांना वाटलं, माझ्यावर आळ येतोय. ते तावातावानं पुढं झाले. "अम्मा, ह्या पोरावर आळ घेऊ नका. म्या तुमच्या धाकल्याच्या तोंडून ऐकलंय. ह्यो रोज पहाटं उठून जुनं पानी सोडायचा आन् ताजं भरून इंजिन तापवायचा. रोज! असा डायव्हर दिवा लावून हुडकला तरी गावायचा न्हाय!"

माझ्या हातातलं गाडगं गळालं.

"कौनसे कुवे का पानी?" अम्माजाननी विचारलं.

"मागच्या विहिरीचं," मी म्हणालो. "गोडं पाणी लांबून यायचं, घराला प्यायला. म्हटलं, ते मोटारीला कशाला..."

"जिसमें दाल नै गलती, वो कुवा?"

"होय."

"रोज?"

"होय. रोज ताजं."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी चुलीवर चढवायचं नाही, हे त्या वस्तीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मी तेच पाणी तीन महिने इंजिनावर चढवलं होतं, आणि प्रत्येक पहाटे ताज्या चुन्याचा नवा थर दिला होता. गाडीला काही रोग झालेला नव्हता. मीच तो रोज पहाटे उठून लावत होतो.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणालो, "अम्माजान, मी मोटारीचा माणूस नाही. आगबोटीवरचा आगवाला आहे. बोटीवर रोज सकाळी जुनं पाणी सोडून नवं भरायचा हुकूम असायचा. आणि पाणी उकळलं नाही तर शिव्या बसायच्या."

सोपानकाका इतके हसले की पटका सुटून मातीत पडला. "आरं देवा! म्हंजी तिकडं उकळावं म्हनून पगार आन् इकडं उकळू नये म्हनून!"

अम्माजान हसल्या नाहीत. "मालूम था," त्या म्हणाल्या. "नाके पे पैला भाप निकला, तो तू खुश हुआ. आँखें बंद हैं मेरी, कान नै."

 करीमसेठना त्या काय सांगणार, ते मला विचारवेना.

शेवटी गोडं पाणी हवं होतं. कौसाबाई आपल्या पाळीतली एक घागर घेऊन आली. मी हात मागं घेतला. म्हणाली, "धरा. डाळ शिजतीया ह्या पान्यात. आज आमी डाळीचं कोरड्यास न्हाय केलं तरी चालतंय, भाकरीसंगं ताक हाय की." कोकणात मी पावसाचं पाणी वाहून जाताना रोज बघितलंय. घागरभर पाणी इतकं जड असतं ते त्या दिवशी कळलं. अम्माजाननी निकाहसाठी नेत असलेल्या खारका घागरीत भरून ती परत केली. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे त्यांच्याकडंही तसंच आहे, आमच्याकडंही.

संध्याकाळी वाशीला पोचलो. पाणी उकळलं नाही.

शुक्रवार: भूम

सकाळी मी दर मैलाला थांबत होतो. उतरायचं, वर हात, खाली हात. दोन्हीकडं गरम, दोन्हीकडं सारखं. चढायचं. पाचव्या वेळेला पडदा हलला. "बार बार नब्ज नको देख रे, मरीज घबराता है."

मग थांबलो नाही. दोन्ही बाजूंना कोरडी रानं, मध्येच एखादं बाभळीचं बन, लांबवर शेळ्या. गाडी सुरळीत चालली होती. भूम जवळ येईल तसं मला वाटायला लागलं, अजून एखादा मैल असता तर बरं.

गावात शिरलो तेव्हा नमाजीला वेळ होता. इंजिन गरम झालं की आंबूस वास सुटायचा, त्यामुळं बाजारातली कुत्री आमच्या मागं लागली. पंधरा-वीस कुत्र्यांची वरात घेऊन मोटार करीमसेठच्या दारात उभी राहिली. मंडपातले लोक उठून बघायला लागले.

सेठ स्वतः पुढं आले. पांढरी शेरवानी, कडक माणूस. आधी आईच्या हाताचं चुंबन घेतलं, मग नाक मुरडून बॉनेटकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या मिशीत अजून चोथा होता असं नंतर कळलं.

"सफर कैसा रहा, अम्मीजान? गाडी?"

"गाडी अच्छी है."

"और ड्रायव्हर?"

मी खाली मातीकडं बघत उभा होतो. सोपानकाका काहीतरी बोलायला लागले, त्यांना अम्माजानच्या हातातल्या काठीचा हलका ठोसा बसला.

"इसकू गाडी का कुच नै मालूम," अम्माजान म्हणाल्या. "एक चीज नै मालूम."

सेठच्या कपाळाला आठी पडली. 

"मगर बोले तो सुनता है," त्या म्हणाल्या. "तेरे अब्बा में बी येइच एक गुन था. चालीस बरस निभाई ना मैं?"

मंडपातली म्हातारी माणसं दाढीत हसली. सेठ माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "गाडी सावलीत लाव. आणि हात-तोंड धुऊन पंगतीला ये, वास येतोय तुला."

मी गाडी अंगणातल्या निंबाखाली लावली. इंजिन बंद केलं तरी उतरावंसं वाटेना, स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून तसाच बसून राहिलो. पुढं अकरा वर्षं ती गाडी मी त्याच निंबाखाली लावत होतो.